वहिनी चीफच्या गाडीत बसत नाहीत

जुनी गाडी पाळली की किस्से आपोआप जमतात. आमच्याकडे तर गाडी एकाची आणि किस्से तिघांचे!

सामंतांना आम्ही चीफ म्हणतो, कारण तीस वर्षं जहाजावर काढून ते चीफ इंजिनिअर झाले होते. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. आता इथे सिंगापूरला, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसतात. पण हातांना चैन पडेना, म्हणून ऑस्ट्रेलियातून पन्नास वर्षांची मसल कार आणली. आठ सिलिंडर, लांबलचक बॉनेट, फक्त वीकेंडला बाहेर. दर रविवारी सकाळी आंग मो किओत त्यांच्या ब्लॉकखाली मी आणि पुण्याचे नेने हजर! दुरुस्ती वर्कशॉपमध्ये, कौतुक कारपार्कमध्ये.

चीफची इच्छा एकच. सुलभावहिनींना शेजारी बसवून ईस्ट कोस्टच्या किनाऱ्याने एक चक्कर. वहिनींचं उत्तरही एकच: "मी नाही बसत!"

*

जहाज सुटलं तरी सवय सुटत नाही. गाडी सुरू करण्याआधी चीफ ओरडतात, "स्टँडबाय इंजिन!" आम्ही दोघांनी "स्टँडबाय!" म्हणायचं, मगच किल्ली फिरते.

एकदा नेने फोनवर होते. चीफ दहा मिनिटं किल्ली धरून तसेच बसले! शेवटी वरून, सातव्या मजल्याच्या खिडकीतून वहिनींचा आवाज आला, "स्टँडबाय! निघा आता!"

*

मग नवा, मोठा कार्ब्युरेटर आला. "आता बघाच, उडेल!" म्हणत चीफ आम्हाला एक्सप्रेसवेवर घेऊन गेले. पण काटा साठच्या पुढे जाईना. चीफच जाऊ देईनात!

"चीफ, सिमेंटची लॉरी ओव्हरटेक करतेय आपल्याला," नेने कळवळले.

"करू दे. पॉवर आहे हे आपल्याला ठाऊक आहे ना? बस्स!"

*

एक्झॉस्ट बदलला तेव्हा तर कहर झाला. गाडी सुरू केली आणि शेजारच्या तीन गाड्यांचे अलार्म बोंबलायला लागले. तपासणीत अर्थातच नापास. जुना एक्झॉस्ट मुकाट्याने परत बसवला.

वहिनी म्हणाल्या, "गाडीने ऐकलं हो! आता मालकाने ऐकलं की झालं."

*

चीफना वाटलं, वहिनी घाबरत असतील. म्हणून पुढे डिस्क ब्रेक बसवले. कारपार्कमध्येच कचकन थांबवून दाखवली. नेन्यांचा चष्मा डॅशबोर्डवर!

"बघ सुलभा, जागच्या जागी थांबते. आता तरी बस!"

"थांबत नाही म्हणून बसत नव्हते, असं मी कधी म्हटलं?" वहिनी म्हणाल्या आणि भाजीला निघून गेल्या. तेही एमआरटीने, म्हणजे मेट्रोने. चीफचा चेहरा इतका पडला की आम्हालाच वाईट वाटलं.

*

इंजिनात रोटर नावाचा बोटाएवढा तुकडा असतो. तो काढला की गाडी ढिम्म हलत नाही. चोरीच्या भीतीने चीफ कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरला खायला जातानाही तो काढून खिशात टाकायचे. सिंगापूरमध्ये!

एकदा तो शर्टासकट वॉशिंग मशीनमध्ये गेला. खडखडाट ऐकून वहिनी धावल्या. "लोकांच्या खिशातून रुमाल निघतो, तुमच्या खिशातून इंजिन!"

*

त्या धुलाईनंतर थोड्याच दिवसांत रोटर तडकला. नवा ऑस्ट्रेलियातून येईपर्यंत गाडी बंद. रविवारी चीफ नुसतेच स्टिअरिंग धरून बसले होते, तेवढ्यात वहिनी पोह्यांचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन खाली आल्या.

"ही आज कुठे जात नाहीये ना?"

"कुठली जातेय! मेलीय ती."

"नक्की?"

"अगं, नक्की!"

"तीस वर्षं तुम्ही नुसते निघतच होतात. आज बसू या!" वहिनींनी दार उघडलं आणि चीफच्या शेजारी बसल्या. आम्ही दोघं कारपार्कच्या कठड्यावर, ते दोघं आत. तासभर पोहे, चहा आणि गप्पा. चीफना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात नवा रोटर आला. चीफनी शनिवारी स्वतः बसवला, एक फेरीही मारली. रविवारी आम्ही उत्साहाने "स्टँडबाय!" ओरडलो. किल्ली फिरली. गाडी ढिम्म! नेन्यांनी बॉनेट उघडलं, मी इंजिनावरचं छोटं झाकण काढून पाहिलं, तर रोटरच गायब.

"चीफ, नवा रोटर कुठाय?"

चीफनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

"हळू बोल रे! ती पोहे घेऊन खाली येतेय."