चौथ्या दिवसापर्यंत पाणीच

हट्टा गावात कोंबडी अंड्यांवर बसवायची तर आधी केशरबाईला विचारतात. टोपल्यात भुसा, भुशावर अंडी, प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ, म्हणजे मागून घातलेलं अंडं ओळखू येतं. ही सगळी तिची शिस्त. कोंबडी मध्येच उठली तर काय, याचाही तिचा नियम ठरलेला. "चौथ्या दिसापर्यंत आत नुसतं पाणी असतंय. खुशाल अंड्याची पोळी करून खावा." मी शेजारीण, तिच्या भरवशावर कितीतरी खाल्ली.

यंदा तिच्या नातीने, कॉलेजात शिकणाऱ्या साक्षीने, तिच्याच टोपल्यातलं एक अंडं फोडलं. पेल्यात पातळ प्लास्टिकची झोळी ताणली, त्यात ते अलगद सोडलं आणि पेला थर्माकोलच्या डब्यात दिव्याच्या उबेला ठेवला. म्हणे कवचाबाहेर पिल्लू वाढवायचं. केशरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "टरफलाबिगर लेकरू वाढतंय व्हय कुठं?" म्हणाली, आणि नातीशी अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी मी विरजण मागायला गेले होते. साक्षीने आजीला हाताला धरून डब्याशी आणलं. तिची आई, केशरबाईची सून सरिताही पिठाच्या हातांनीच आली. केशरबाई वाकली. पिवळ्या बलकावर लाल रेषांचं जाळं होतं आणि मधोमध ज्वारीच्या दाण्याहून बारीक ठिपका, एकसारखा उडत होता.

"हे काय हालून राहिलं?"

"काळीज हाय, आजी."

"आज कितवा दिस?"

"तिसरा."

केशरबाईने मान वळवून सरिताकडे पाहिलं. का, ते मलाही कळलं. साक्षीच्या आधी सरिताचं एक पोट तिसऱ्या महिन्यात पडलं होतं. तेव्हा केशरबाई तिला म्हणाली होती, "रडू नको. काहीच नव्हतं, पाणी होतं." आठव्या दिवशी तिला कापूस वेचायला पाठवलं होतं. मी तिथेच होते, मीही मान हलवली होती. त्यानंतर सरिता त्यावर कधी बोलली नाही आणि आम्हाला वाटलं, विसरली.

"सरिता," केशरबाई म्हणाली. "मी तवा पाणी म्हणलं व्हतं तुला."

"मला तवाच म्हाईत होतं, आत्या," सरिता म्हणाली. तिची नजर पेल्यावरच होती. "झाकण लावा आता. गार लागंल त्याला."