लाल शाई उडालेली नऊ पानं

कामाच्या बाबतीत मी नाकावर माशी बसू देत नाही, हे आधीच सांगून टाकते. दिल्लीतल्या एका सरकारी संग्रहात मी जुन्या हस्तलिखितांची दुरुस्ती करते. कसरीने खाल्लेली फारसी-अरबी पानं माझ्या टेबलावर येतात. मी ती धुते, वाळवते, भोकं कागदाच्या लगद्याने बुजवते आणि पुस्तक पुन्हा शिवते. वाचता मात्र त्यातलं एक अक्षर येत नव्हतं.

वाचायचं काम मौलवीसाहेबांचं. निवृत्त शिक्षक, आयुष्यभर गणित आणि फारसी शिकवलेली, दर मंगळवारी हिंदूराव मोहल्ल्यातून बसने येत. त्या मोहल्ल्याला एका मराठा सरदाराचं नाव आहे. मी मराठी आहे हे कळलं त्या दिवशी म्हणाले, "हम तो आप ही के सरदार के मोहल्ले में रहते हैं, निकाल मत दीजिएगा." दुरुस्त झालेलं पुस्तक त्यांनी चाळायचं, पानांचा क्रम तपासायचा आणि छापील फॉर्मवर 'देखकर जाँचा' या ओळीखाली सही करायची, अशी आमची पद्धत.

मागच्या हिवाळ्यात ग्रहगणिताची एक पोथी आली. पुस्तकाची शिवण उसवण्याआधी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने आकडा घालायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी तो घातला नाही. पोथी लिहिणाऱ्याने प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवला होता. अक्षर वाचता आलं नाही तरी आकार जुळवता येतो. मग इतक्या देखण्या पानावर पेन्सिल कशाला फिरवायची, असा माझा शहाणपणा. पुढे पानं वाळत ठेवलेल्या जाळ्या मला दुसऱ्या खोलीत हलवाव्या लागल्या आणि पानं वरखाली झाली. तरी मी निवांत होते. शब्दाला शब्द लावत गेले आणि शेवटी नऊ पानं हातात उरली. त्यांवर नुसते तक्ते होते, आकड्यांच्या चौकटीच चौकटी. तक्त्याच्या पानाखाली पुढचा शब्द कोण लिहिणार? मथळे लाल शाईचे होते, ते कधीकाळच्या ओलीने उडून गेलेले.

त्या संध्याकाळी गाझियाबादला घरी पोचले. मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, कसर म्हणजे दीमक ना? मग सिंपल आहे यार. किड्याने आरपार खाल्लं असेल, तर भोकाला भोक जुळव." पोरगी हुशार आहे. पण ती भोकं मी आदल्याच आठवड्यात बुजवली होती, आणि इतकी सफाईने, की उजेडात धरलं तरी सापडत नव्हती. अति तेथे माती म्हणतात ते काही खोटं नाही.

मंगळवारी मौलवीसाहेब आले तसं मी दार लावलं आणि चूक कबूल केली. म्हटलं, "तुम्ही फक्त वाचून क्रम सांगा. दहा मिनिटांचं काम आहे." हे अर्थातच हिंदीत. त्यांनी पान हातात घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पान हळूच टेबलावर ठेवलं.

"बेटी, मुझे तो डेढ़ महीने से हरफ़ नहीं दिखते," ते म्हणाले. "पन्ना दिखता है, धुंध जैसा."

दीड महिना ते माझी पुस्तकं नुसतीच चाळत होते. माझ्या कामावर विश्वास ठेवून सह्या करत होते. मला राग यायला हवा होता, पण लाजच वाटली.

थोड्या वेळाने म्हणाले, "आप पढ़िए, मैं जोड़ता हूँ." या तक्त्यांत अक्षरंच आकड्यांचं काम करतात. अलिफ म्हणजे एक, बे म्हणजे दोन, जीम म्हणजे तीन. त्यांनी मला एक-एक आकार हवेत बोट फिरवून शिकवला. पहिल्या दोन ओळी ऐकूनच त्यांनी ओळखलं, तक्ता होता सूर्याच्या चालीचा. सूर्य रोज एका अंशाला थोडा कमी पुढे सरकतो, ठरलेल्या मापाने. एका पानाच्या शेवटच्या ओळीत तेवढं माप मिळवलं की पुढच्या पानाची पहिली ओळ यायला हवी.

सबंध दुपार मी अडखळत वाचत होते आणि ते डोळे मिटून बेरजा करत होते. मध्ये चहा आला, तो गार झाला. आठ पानं क्रमाने लागली. नववं काही केल्या बसेना, पाचाचा फरक येत होता. मी घाबरले. ते हसायला लागले. "जीम को बड़ी हे पढ़ रही हैं आप. तीन को आठ." मी भिंग लावून पाहिलं. पोटात पुसट टिंब होतं, म्हणजे जीमच. ज्या माणसाला अक्षर दिसत नव्हतं, त्याने माझी वाचण्यातली चूक पकडली होती.

मग मी फॉर्म भरला. शेऱ्यात लिहिलं की आकडे घातले नाहीत, क्रम बिघडला, चूक माझी. त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "अब 'देखकर' काटिए. 'सुनकर' लिखिए."

त्याचा अर्थ मला कळत होता. ज्याला दिसत नाही, त्याला वाचक म्हणून कोण ठेवणार? मंगळवार संपला असता, आणि त्यांच्याकडे मंगळवारखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं. मी नाही म्हटलं. चक्क भांडले. कोणाला कळणार आहे, असंही म्हणाले.

"ग़लत जोड़ वहीं नहीं रुकता, बेटी. नीचे की हर सतर ग़लत हो जाती है."

मी 'देखकर' खोडलं, वर 'सुनकर' लिहिलं. सही कुठे करायची ते त्यांनी विचारलं तेव्हा मी कागदावर बोट ठेवलं. त्यांनी बोटाला पेन टेकवून सही केली. थोडी शाई माझ्या नखावर आली.

आमचे वरचे साहेब भले आहेत, पण फॉर्म तो फॉर्म; मौलवीसाहेबांचं येणं थांबलं. दुसरे वाचक अजून मिळालेले नाहीत. खुर्ची तशीच आहे, तिच्यावर मी रिकाम्या जाळ्या ठेवते. दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मात्र मी त्यांना फोन लावते आणि हाताखालच्या तक्त्यातल्या चार ओळी वाचते. पलीकडून "सही, आगे" एवढंच येतं.

परवा आवाज फार थकलेला वाटला. ऐकतायत की नुसतेच हुंकार देतायत, ते कळेना. म्हणून मी मुद्दाम जीमच्या जागी बडी हे वाचलं.

पलीकडे त्यांनी बेरीज केली. मग म्हणाले, "पाँच ज़्यादा हैं, बेटी. ठीक से देखिए. आप तो देख सकती हैं."

मला रडूच आलं. डोळे पुसले आणि ओळ पहिल्यापासून वाचली.