मांडवीचे विमानवाले मामू

लग्नाची पंगत असो की मोहल्ल्यातली बैठक, विमानवाले मामू कधी आधी बसत नसत. भिंतीला टेकून उभे राहायचे. कोणी हाताला धरून ओढलं की म्हणायचे, "बाकीच्यांना बसूदे. जागा उरली तर मी हायच." लोकांना तो त्यांचा विनय वाटे. मांडवीत आमचं घर त्यांच्या घराला लागून होतं, म्हणून मला ठाऊक होतं, ही सवय त्यांना नोकरीने लावली होती.

मामू आखातातल्या एका जुन्या विमान कंपनीच्या स्वयंपाकघरात होते. प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरायचे. कंपनी कामगारांना जवळजवळ फुकटात तिकीट देई, पण सगळे प्रवासी चढल्यावर एखादी खुर्ची रिकामी राहिली, तरच आत सोडत. उभा जन्म त्यांनी अशीच ये-जा केली. सुट्टीवर नक्की कधी पोचणार ते त्यांनाही सांगता येत नसे. हलीमामामी बिचारी सांदणं करून वाट बघत बसायची.

तरी कंपनीचा अभिमान केवढा! आमच्या ओट्यावर बसले की "आमचं विमान" सुरू. आकाशात विमान दिसलं की मी मुद्दाम म्हणायची, "मामू, तुमचं चाललं बघा." मान वर न करता ते म्हणत, "तां गोव्याचं गो बाय. आमचं ऑस्ट्रेलियाचं विमान खाली लंकेच्या अंगानं जातं." त्यांची एकुलती एक नसरीन लग्न होऊन मेलबर्नला गेली तेव्हा, लेक एवढ्या लांब दिली म्हणून सगळा मोहल्ला हळहळला. मामू मात्र निश्चिंत. "लांब कसली? आमचं विमान जातंय की तिकडं."

पुढे आखातातल्याच दुसऱ्या शहरातल्या एका नव्या कंपनीने ऑस्ट्रेलियाला विमानं सोडायला सुरुवात केली. मामू तिचं नाव घेत नसत, "शेजारीण" म्हणत. "शेजारणीनं आजून एक विमान टाकलंन." "शेजारणीनं भाडं उतरवलंन." आधी हसून सांगायचे, मग हसणं कमी झालं. त्यांच्या कंपनीला ती चढाओढ झेपेना. तिने फेऱ्या कमी केल्या आणि उरलेली विमानं गच्च भरून जाऊ लागली.

नेमकी तेव्हाच नसरीन बाळंत झाली. मामीने जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली. मामू तिला आधी आखातात घेऊन गेले, तिथून दोघांनी मेलबर्नला जायचं ठरलं होतं. रोज दोघं विमानतळावर जात, रोज विमान भरलेलं निघे आणि रोज दोघं पिशव्या घेऊन खोलीवर परत येत. नसरीन फोनवर रडकुंडीला आली. "अब्बा, मी दुसऱ्या कंपनीची तिकिटं काढते." मामूंनी ऐकलं नाही. "घरचं विमान असताना शेजारणीच्या दारात जाऊ? माझ्या सोबतची माणसं काय म्हणतील?"

रजा संपली आणि मामी एकटीच परत आली. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, "विमानतळ बघितला गो. लय थंड असतो." दुपटी तिने पेटीत ठेवून दिली. मामू फोनवर म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की.

पुढच्या वर्षी मामू सुट्टीवर आलेले असतानाच मामी गेली. भाट्याला बहिणीला भेटून आली, छातीत कळ आली म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही. त्याच दिवशी दफन झालं. नसरीन मिळेल त्या विमानाने निघाली होती, पण येऊन पोचली तेव्हा आईची खाट उभी करून भिंतीला लावलेली होती.

मामूंनी तिला पाणी दिलं. रिकामा पेला परत घेताना विचारलं, "कुठल्या विमानानं आलीस?"

तिने शेजारणीचं नाव सांगितलं.

"भरलेलं व्हतं?"

"नाही अब्बा. अर्धं रिकामं होतं. माझ्या बाजूला कुणीच नव्हतं."

मामू उठून मागीलदारी गेले. मी तिथे चुलीशी चहा ठेवत होते. ते दाराची चौकट धरून उभे राहिले आणि एकदम त्यांचा आवाज फुटला. "मी तिला बसू दिलं नाय गो बाय. मीच बसू दिलं नाय."

वर्षभरातच कंपनीने ऑस्ट्रेलियाची फेरी बंद केली आणि मामूंना घरी बसवलं. शेजारणीची विमानं वाढत गेली, तिला टक्कर द्यायला आणखी कंपन्या आल्या, भाडी उतरली. नसरीन त्यांना मेलबर्नला बोलावून थकली. ते म्हणत, "हलीमा हितं एकटी हाय." दर जुम्म्याला नमाज झाली की कबरस्तानात जाऊन बसत. आमच्या ओट्यावर विमानाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

काही वर्षांनी एका सकाळी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मी नसरीनला फोन केला आणि ती हाती लागेल त्या विमानात बसली. इस्पितळात येऊन पोचली तेव्हा मामूंची वाचा गेली होती, पण तिला बघून त्यांचे डोळे भरून आले. ती उशाशी बसून राहिली, चमच्याने पेज भरवत राहिली. तिच्या हातात हात असतानाच ते गेले.

घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईचा हात धरून नसरीन तेच सांगत होती, "अब्बांनी बघितलं मला. मी पोचले होते. या वेळी मी पोचले होते."