कुलूपसाहेब निवृत्त होतात

ऑफिसात त्यांना पाठीमागे 'कुलूप' म्हणत. कुणी नवं यंत्र किंवा नवं औषध शोधून दारात आला की साहेब आधी त्याला दरडावत, "पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. चारचौघांत बोललात की संपलं. मग ती कल्पना जगाची, तुमची नव्हे." एवढं एकच वाक्य घोकून या माणसाने उभा जन्म काढला आणि त्यावर घर, गाडी, मानमरातब सगळं मिळवलं. खरं काम, म्हणजे मसुदे लिहिणं, लेक करायची. तीही वकीलच. साहेब त्यातले दोन स्वल्पविराम इकडचे तिकडे करायचे आणि सही ठोकायचे.

निवृत्तीचं ठरलं तशी साहेबांच्या हौसेला ऊत आला. हॉल त्यांनीच पाहिला, पाहुणे त्यांनीच बोलावले, आणि कुणी आपली किती स्तुती करायची तेही त्यांनीच वाटून दिलं. त्या गडबडीत एका रंगाऱ्याचा अर्ज तयार होऊन पडला होता. हा रंगारी शिडीवरून पडून कंबर मोडून घेतलेला. अंथरुणातून उठल्यावर त्याने शिडीसाठी न घसरणारा पाय शोधून काढला होता.

"बाबा, आज पाठवून देते," लेक म्हणाली.

"घाई कसली? माझा शेवटचा अर्ज आहे तो. भाषण झालं की सगळ्यांसमोर सही करीन. फोटो झकास येईल."

फोटोसाठी! लेकीला त्या क्षणी बापाची अक्षरशः किळस आली. पण ती गप्प बसली. घरात आणि ऑफिसात तिला तेवढंच शिकवलेलं होतं.

समारंभात साहेब माइकला चिकटले ते सुटेनात. कधी न सोसलेल्या हालअपेष्टा त्यांनी डोळे पुसत सांगितल्या. निम्मे पाहुणे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. टाळी काही पडेना, तसे साहेब कासावीस झाले. तेवढ्यात मागच्या रांगेत कडक इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला रंगारी त्यांना दिसला.

"तो बघा! साधा रंगारी, पण डोकं बघा! शिडीच्या पायाला रबरी पिशवी, पिशवीत वाळू, वरून पत्र्याची वाटी. जमीन कशीही असो, पिशवी तसा आकार घेते. वजन पडलं की वाटी वाळूला आवळून धरते. हलायचं नाव नाही!"

लेक उभी राहून दोन्ही हातांनी खुणा करू लागली. साहेबांना वाटलं, ही आटपा म्हणतेय.

"आमच्या लेकीला आमचं कौतुक कधी सोसलंच नाही," ते म्हणाले आणि हॉल हसला. पुढच्या रांगेत साहेबांचा एक जुना अशील बसला होता. त्याचा शिड्यांचाच कारखाना. त्याने हात वर केला.

"वाळू बारीक की जाड, साहेब?"

"बारीक! चाळून घेतलेली!"

आता मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात रंगारी वाजवत होता.

लेकीने त्याला व्हरांड्यात गाठलं आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. अर्जाच्या आधीच सगळं जाहीर झालं होतं. आता पेटंट मिळणार नाही आणि तो पाय कुणीही बनवू शकेल. त्याच्या डोक्यात ते शिरायला वेळ लागला.

"पण ताई, साहेबांनी बजावलं म्हणून मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही हो. सारखी विचारत असते, गच्चीवर काय ठोकाठोक चाललीय म्हणून."

तो कठड्याला धरून जिना उतरत गेला.

आत साहेब फुलांच्या गुच्छांमध्ये फुलून उभे होते. "कसं झालं भाषण?"

"बाबा, त्याचा अर्ज दाखल झालेला नव्हता."

साहेबांचा चेहरा खाडकन उतरला. कायदा त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. लेक वाट पाहत राहिली. निदान आता तरी हा माणूस तोंडात मारून घेईल, त्या रंगाऱ्यामागे धावेल, असं तिला वाटलं. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं, तिला खांबाआड ओढलं आणि आवाज खाली आणला.

"त्याला कळलंय?"

"मी आत्ताच सांगितलं."

"तू कशाला सांगितलंस?" साहेब तिच्यावर खेकसले.