लोहारमामांनी चाकू हातात दिला नाही

मंडळी, मी ग्रुपवर सहसा फक्त वाचतो. आज लिहितोय.

आपल्या रविवारच्या कॅम्पसाठी घडी न होणारा चाकू हवा होता. दरवेळी तो दादा आणायचा. दादाला जाऊन आता दीड महिना झाला. त्याला भारीतला चाकू हवा असायचा. मी म्हणायचो, लाकडं तासायला एवढा महाग कशाला? यावरून आमचं दरवेळी वाजायचं.

या वेळी मी एकटाच ठरवणार होतो. सकाळी अक्कलकोट रोडच्या एका लोहारमामांकडे गेलो. त्यांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून केलेला चाकू दाखवला.

"पातं मुठीच्या पार टोकापर्यंत हाय. लाकूड फोडा, हलायचं न्हाय. चारशेत आणि काय पायजे?"

मी हात पुढे केला. त्यांनी चाकू पोत्यावर ठेवला.

"उचला. हातात देत न्हाय, भांडणं लागत्यात."

"लागू द्या की मामा. हातातच द्या."

"माझ्यासंगं भांडायचंय व्हय?" ते हसले.

दादा चाकू कायम हातातच द्यायचा. आई दोघांवर ओरडायची.

शेवटी पोत्यावरून उचलला, पैसे दिले आणि घरी आलो. रडू वगैरे काही आलं नाही.

चाकू चांगला आहे, पण जरा बोजड आहे. मूठ खडबडीत आहे. दादानं बघताक्षणी नावं ठेवली असती.

रविवारी मी तो तुमच्या हातातच देईन. कुणीतरी नावं ठेवाल का?