वहिनींच्या मोरीतली माशी

माझा थोरला भाऊ शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून काय करतो, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. खरं उत्तर 'माश्या मारतो' असं आहे. ते ऐकून लोक हसतात, मी थट्टा करतोय असं समजतात. मग मला मागच्या खोलीतले बावीस खण, चार हजार टाचण्या आणि प्रत्येक टाचणीवरची एकेक मेलेली माशी, हे सगळं समजावून सांगावं लागतं. तोवर समोरच्याचा चहा गार होतो.

पण दादाचा खरा जीव माशीत नाही, तिच्या चिठ्ठीत आहे. टाचणीवर माशीच्या खाली नखाएवढी चिठ्ठी असते: कुठे सापडली, कधी, कुणी पकडली. बिनचिठ्ठीची माशी म्हणजे कचरा आणि खोट्या चिठ्ठीची म्हणजे पाप, असं त्याचं मत आहे. पुतणीच्या लग्नात त्याने एक माशी पकडली. तिच्याखाली आजही लिहिलेलं आहे, 'व्याह्यांच्या टकलावरून, सकाळी साडेदहा'. मी म्हटलं, "अरे, नुसतं कार्यालय लिही की!" तर म्हणतो, "कार्यालय केवढं, टक्कल केवढं!" व्याह्यांनी ती चिठ्ठी भिंगातून वाचली आणि पुढे वर्षभर आमच्याशी धड बोलले नाहीत.

अशा माणसाशी वहिनींनी संसार केला, आणि वहिनी तर नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पाय पुसून शिरतो आणि तरीही बोलणी खातो.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी वहिनींना मोरीच्या वरच्या भिंतीवर एक करडी, केसाळ, तिळाएवढी माशी दिसली. त्यांनी तिच्यावर वाटी पालथी घातली आणि हाक मारली, "अहो, तुमचे पाहुणे आलेत. घेऊन जा." दादा वाटीखाली कागद सरकवून पाहुण्याला मागच्या खोलीत घेऊन गेला आणि अकरा दिवस फक्त जेवायला बाहेर आला.

माशी ओळखणं म्हणजे काय, हे मी त्याच्या शेजारी बसून पाहिलंय. समोर एक जाडजूड पुस्तक असतं आणि ते प्रश्न विचारतं. पंखाची तिसरी शीर दुभंगते का? दुभंगत असेल तर प्रश्न चौदावर जा, नसेल तर बावीसवर. मिशीला पेरं किती? दादाने पंधरा मोजली, मग सोळा, मग पुन्हा पंधरा. एकदा तो चुकून डासांच्या वाटेला लागला आणि दोन दिवस फुकट गेले. शेवटी उत्तर सापडलं ते नव्वद वर्षांपूर्वीच्या एका परदेशी लेखात. त्या भाषेत दादाला माशीच्या प्रत्येक अवयवाचं नाव येतं, प्यायला पाणी मागता येत नाही. माशी नर आहे हे कशावरून ठरवलं, ते त्याने जेवताना इतकं सविस्तर सांगितलं की वहिनींनी हातातला घास खाली ठेवला.

दूरच्या एका मोठ्या संग्रहालयात याच माश्यांवर आयुष्य काढलेल्या एक तज्ज्ञबाई आहेत. दादाने त्यांना फोटो आणि आकृत्या पाठवल्या. बाईंचं उत्तर आलं, 'तुमचं बरोबर आहे. नव्वद वर्षांत हा दुसरा नमुना. ताबडतोब टिपण लिहा, आम्ही छापतो. नेमकी जागा मात्र हवीच.'

तीस वर्षं दादाने इतरांच्या माश्या ओळखून दिल्या होत्या. त्याच्या नावाने एक ओळ कुठे छापून आली नव्हती. ते पत्र त्याने मला तीनदा वाचून दाखवलं. मग त्याने चिठ्ठी लिहिली आणि तिथेच माशी शिंकली.

"'स्वयंपाकघरातील मोरी'?" वहिनी भिंग हातात घेऊन कडाडल्या. "माझ्या मोरीत माश्या होतात हे आता जगभर छापणार?"

"अगं, फार तर चाळीस माणसं वाचतील."

"चाळीस! बागेत सापडली असं लिहा."

"बागेत नव्हती ती."

"मग मला तुमचं टिपणही नको."

मी मध्ये पडलो. 'घराच्या परिसरात' असं सुचवलं. दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाचा खिसा कापलाय. खोटी चिठ्ठी लावायची नाही आणि बायकोचा अपमान करायचा नाही, दोन्ही त्याने एकाच वेळी ठरवून टाकलं. तज्ज्ञबाईंना कळवलं की काही घरगुती कारणांमुळे टिपण पाठवता येणार नाही. माशीचा खण बंद करून तो दिवसभर गॅलरीत वर्तमानपत्र उलटं धरून बसायला लागला. मला त्याची फार कीव आली, आणि रागही आला, दोघांचाही.

आठवड्याने वहिनींनी मलाच विचारलं, "भाऊजी, ती पहिली माशी कुठे मिळाली होती हो?"

दादा गॅलरीतून आत आला. "तेच तर दुखणं आहे," तो म्हणाला. "त्या गृहस्थाने फक्त 'गावाबाहेर' असं लिहिलंय. माशी ओलाव्यात वाढणारी, त्यामुळे नव्वद वर्षं लोक गावाबाहेरचे ओढे शोधत फिरले. माशी सापडली नाही ती नाहीच."

"लग्न झालं होतं का त्याचं?"

"हो. लेखाच्या शेवटी बायकोचे आभार मानलेत."

वहिनींना हसू आवरेना. "म्हणजे त्याच्याही मोरीतच होती! तिने लिहू दिलं नसणार." पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बिचारे लोक, ओढ्यात पाय भिजवत फिरले. लिहा तुम्ही, मोरीच लिहा. पण रोज दोनदा घासलेली मोरी, असं लिहा."

दादाने तसंच लिहिलं, आणि पकडणाऱ्याच्या जागी वहिनींचं नाव घातलं, कारण वाटी त्यांनी घातली होती. टिपण गेलं. पंधरा दिवसांनी तज्ज्ञबाईंनी विचारलं की जागेच्या वर्णनातून 'रोज दोनदा घासलेली' हे शब्द काढले तर चालतील का, त्यांची काही शास्त्रीय गरज दिसत नाही.

दादाने उत्तर मला दाखवून पाठवलं. 'शब्द काढता येणार नाहीत,' असं त्यात लिहिलं होतं, 'ते माझं चौतीस वर्षांचं प्रत्यक्ष निरीक्षण आहे.'