नवरीच्या खुर्चीमागचा दरवाजा

दोहात मी एका देखभाल कंपनीत नोकरीला होते. इमारतींमधले आणीबाणीचे दिवे आणि बाहेरची वाट दाखवणाऱ्या हिरव्या पाट्या तपासून घेणं, बॅटऱ्या बदलून घेणं, अग्निसुरक्षेचा दाखला वेळेवर नवा करून घेणं, हे माझं काम. दोन हजार सालानंतर तिथे इमारती इतक्या भराभर उठत होत्या की सकाळी यादी केल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नसे. शाळा, गोदामं, दवाखाने. अल खोरचा लग्नाचा हॉल मात्र माझ्याकडे मुद्दाम दिलेला होता, कारण ऑफिसात बाई मी एकटीच.

तिथे बायकांचा लग्नसोहळा वेगळा होतो. पाहुण्या यायला लागल्या की आत पुरुषाला मज्जाव. मग तो इलेक्ट्रिशियन असो की तपासनीस. दाराशी कॅमेरे काढून घेतात, वरचे काळे झगे, अबाया, उतरतात, बायका मोकळेपणी बसतात, नाचतात. म्हणून सगळी तपासणी दुपारपर्यंत उरकायची. त्यानंतर आतली जबाबदारी एकटीची, हॉलच्या सुपरवायझरची.

ती सुदानची होती. माझ्याच वयाची, उंच, संथ बोलणारी. हिंदी तिने कामगारांकडून उचललेलं, त्यामुळे तिच्या तोंडी सगळेच ‘भाई’. मी तिला कधी धावताना पाहिलं नाही आणि तिचं काम कधी अडलेलंही पाहिलं नाही.

त्या दिवशी सकाळी आमच्या इलेक्ट्रिशियनने सगळे दिवे तपासले. तो रत्नागिरीचा, पन्नाशीचा गृहस्थ. मी जेवून परत आले तर तो दाराशीच उभा.

“बाय, मागचा दरवाजा गेला.”

“गेला म्हणजे?”

“हाय तिथंच हाय. पन फुडं नवरीची खुर्ची आली. आता आग लागली तर नवरीला ओलांडून जायाचा.”

आत गेले. सजावटवाल्यांनी नवरीचं स्टेज थेट मागच्या दारासमोर उभारलं होतं. पांढऱ्या कापडाच्या चुण्या छतापासून खाली, त्यावर फुलं, मध्ये सोनेरी सोफा. दारावरची हिरवी पाटी कापडाखाली गडप; नवरीच्या मागे हिरवा दिवा नको, असं तिच्या आईने सांगितलं होतं. हॉलला बाहेर पडायला तीनच वाटा, आणि सगळ्यांत रुंद हीच.

सुपरवायझर स्टेजसमोर हात बांधून उभी होती आणि तिच्यासमोर नवरीची आई. माझं अरबी कामापुरतं, पण हे बोलणं समजायला तेवढं पुरलं.

“स्टेज तिकडे सरकवावं लागेल,” सुपरवायझर म्हणाली.

“तिकडे खांब आहे. माझी मुलगी खांबाशेजारी बसणार?”

“मग पाहुण्या निम्म्या करा, हबीबती. एवढ्या बायकांना दोन दारं पुरणार नाहीत.”

“निम्म्या? कुणाच्या बहिणीला ‘येऊ नको’ म्हणून सांगू, ते तूच ठरव.” आई हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. “हॉल कुणाचा आहे, ठाऊक आहे ना तुला?”

ठाऊक मलाही होतं. मालक आईचा चुलतभाऊ. तिच्या एका फोनवर सुपरवायझरची नोकरी जाणार, नोकरीबरोबर व्हिसा, आणि खार्तूमला तिच्या पगारावर शिकणाऱ्या तीन मुलांची शाळा. मी तिच्या जागी असते तर लेखी आक्षेप नोंदवून बाजूला झाले असते. ती झाली नाही. तिने आवाजही चढवला नाही.

“फोन जरूर करा,” ती म्हणाली. “त्याआधी माझ्याबरोबर एकदा हॉलच्या मध्यावर या. हिरवा दिवा तुम्हाला नको होता ना? तो दिसतो का, बघू.” मग माझ्याकडे वळून हिंदीत, “अपने भाई को बोलो, लाइट बंद.”

दोघी मध्यावर पोचल्या तशी मी इलेक्ट्रिशियनला खूण केली. त्याने मेन स्विच पाडला. हॉलला खिडक्या नाहीत. क्षणभर काही दिसेना. मग भिंतींवरचे आणीबाणीचे दिवे लागले, पण स्टेजचा कोपरा कापडाच्या आड काळाच राहिला. त्या काळोखात एकच गोष्ट उजळली. चुण्यांमागची पाटी. कापडातून गाळून आलेला तो हिरवा उजेड सुंदर दिसत होता, खोटं कशाला बोलू.

“आता बाहेर पडा,” सुपरवायझर म्हणाली.

आई निघाली ती सरळ त्या उजेडाकडे. कुणीही तिकडेच गेलं असतं. स्टेजच्या पायरीला अडखळली, सोफा चाचपला, कापड बाजूला करू लागली, तर त्यामागे सजावटीची लाकडी चौकट, वाट बंद. ती कापडात हात अडकलेल्या अवस्थेत थांबली.

“दिवे लावा,” शेवटी तीच म्हणाली.

दिवे आल्यावर सुपरवायझरने आधी तिच्या अबायाला लागलेली फुलांची धूळ झटकली. “मुलगी खांबाशेजारी बसली तरी नवरीच दिसेल,” म्हणाली, “खांब कुणी बघत नाही.” ‘बघ, मी सांगत होते’ यातलं एक अक्षर नाही. मला त्या बाईचं सगळ्यांत जास्त कौतुक वाटलं ते इथे.

आईने सजावटवाल्याला हाक मारली. तो घड्याळ दाखवू लागला, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी होणं शक्य नाही म्हणाला. “यल्ला, चला,” एवढंच ती बोलली. सुतार, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, सगळ्यांनी मिळून स्टेज सरकवलं. फुलं थोडी चुरगळली. शेवटचा पुरुष बाहेर पडला तेव्हा पहिल्या गाड्या आवारात शिरत होत्या.

मी आत थांबले. हॉल भरला. नवरी आली, खांबाशेजारी बसली. मागच्या दारावरची पाटी उघडी, दार मोकळं. पण ते फार वेळ मोकळं राहीना. गारव्याची जागा बघून तिथे बायका खुर्च्या ओढू लागल्या, अबायांचा ढीग साचला, कुणीतरी झोपलेल्या बाळाची गाडीही आणून लावली. मी उठणार इतक्यात सोन्याने लवलेली नवरीची आई गर्दीतून वाट काढत तिथे पोचली. तिने स्वतः एक खुर्ची उचलली.

“इथे नाही, मावशी,” ती एका म्हातारीला म्हणाली, “उठा, तुम्हाला पुढे बसवते.”

“इथे बरं आहे की. काय आहे इथे?”

“दार आहे,” आई म्हणाली, आणि दुसरी खुर्ची उचलून मागोमाग आलेल्या सुपरवायझरच्या हातात दिली.